फिट येऊन गेली, दारू थांबली. आता मैदानाचं काय?

पत्र

सप्रेम नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहते. आमचे हे कबड्डी खेळायचे. आधी गावच्या मंडळाकडून, मग कंपनीच्या संघातून आणि शेवटी दोन हंगाम प्रो कबड्डीत, चढाईपटू म्हणून. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं, पुढच्या लिलावात कुणी घेतलं नाही. आता वय ३७. कंपनीतली नोकरी अजून टिकून आहे. खेळ सुटल्यापासून संध्याकाळची एक क्वार्टर दोनवर गेली. सकाळी हात थरथरतात म्हणून कामावर जायच्या आधी एक निप, म्हणजे छोटी बाटली, तीही सुरू झाली होती.

गणपती बसले त्या दिवशी ‘दहा दिवस थेंब घेणार नाही’ म्हणाले आणि खरंच बंद केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला सगळ्यांसमोर फिट आली. कुणी कांदा हुंगवला, कुणी तोंडात चमचा घातला. सहा दिवस दवाखान्यात होते. घरी येऊन तीन आठवडे झाले. दारू नाही, पण पहाटे साडेचारला टेकडीवर धावायला जातात, दीडशे-दीडशे जोर-बैठका मारतात, ‘दोन महिन्यांत मॅटवर उतरून दाखवतो’ म्हणतात. गुडघा सुजलाय, त्याला मेडिकलमधून गोळ्या आणतात. दवाखान्यातल्या गोळ्या मात्र बंद केल्या. ‘मला कुबड्या नकोत’ म्हणे. व्यसनमुक्ती केंद्रात जायचं नाव काढलं की चिडतात.

नणंदेनं एका ठिकाणाहून दारू सोडवायची पूड आणलीय, चहातून द्यायची म्हणते. मंडळाची पोरं दिवाळीनंतर कोच म्हणून न्यायला बसलीत. पूड देऊ का? कोच म्हणून पाठवू का? मी रोज त्यांच्या तोंडाचा वास घेऊन बघते. रात्र रात्र झोप नाही.

उत्तर

ताई, पूड देऊ नका. बाकी सगळं नंतर, आधी एवढं.

अशा पुड्यांवर आत काय आहे ते लिहिलेलं नसतं. डायसल्फिराम नावाचं औषध असू शकतं, गुंगीचं औषध असू शकतं, नुसती झाडपाल्याची भुकटीही असू शकते. डायसल्फिराम असेल तर गोष्ट गंभीर आहे. ते पोटात असताना दारू घेतली की दारूतून तयार होणारं अॅसिटाल्डिहाइड शरीराला पुढे मोडता येत नाही. अर्ध्या तासाच्या आत चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय आधीच कमजोर असेल तर जीवही जातो. औषध थांबवल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ज्याला आपल्या पोटात काय गेलंय हेच माहीत नाही, तो सावध कसा राहणार? त्यात यांना नुकतीच फिट येऊन गेली आहे, आणि अशा माणसाला डायसल्फिराम द्यायचं की नाही हे डॉक्टरसुद्धा दोनदा विचार करून ठरवतात. नणंदेचा हेतू चांगला आहे, तिला दुखवू नका. ‘डॉक्टरांच्या गोळ्या सुरू करतोय, दोन औषधं एकत्र नकोत’ एवढं सांगा आणि पूड टाकून द्या. घरात कुणी आधीच एखादी चिमूट दिली असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लाजायचं काही कारण नाही.

आता फिटबद्दल, कारण घरात याचा चुकीचा अर्थ निघालेला दिसतो. दोन क्वार्टर म्हणजे ३६० मिली. व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं; त्या हिशेबानं, सकाळची निप सोडली तरी, रोज सुमारे १२० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जात होतं. तब्येतीनं ठीक असलेलं यकृत तासाला साधारण सात-आठ ग्रॅम मोडतं. रात्री दहाला शेवटचा घोट घेतला तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रक्तात दारू असायची. मेंदू वर्षानुवर्षं या दाबाखाली काम करायला शिकला, म्हणजे दारू जितकी शांत करते तितकी उत्तेजना त्यानं स्वतः वाढवून ठेवली. दारू एका झटक्यात काढली की उत्तेजना तेवढी उरते. शेवटच्या पेगानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, उलट्या. फिट बहुतेक पहिल्या दोन दिवसांत. भास, बडबड, माणूस न ओळखणं असा सगळ्यांत धोक्याचा प्रकार साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. तुमच्याकडे फिट ठरल्या वेळेलाच आली. देवाचा कोप नाही, इच्छाशक्ती कमी पडली असंही नाही. उलट इच्छाशक्ती भरपूर होती, डॉक्टर नव्हता.

आणखी एक गोष्ट कुणी सांगितली नसेल. दारू तोडताना एकदा फिट आली की पुढच्या वेळी ती येण्याची शक्यता वाढते. म्हणून पुन्हा पिणं सुरू झालं आणि आठवडाभर चाललं, तर ‘आता बंद’ असं घरी ठरवायचं नाही. थेट रुग्णालय. तिथे पहिल्या दिवसापासून क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखं औषध देऊन आठवडाभरात कमी करत आणतात. मेंदूला पायऱ्या उतरायला वेळ मिळतो.

गावाकडे दारूच्या माणसाला जवळच्या दवाखान्यात नेऊन ‘एक सलाईन लावा’ म्हणायची पद्धत आहे. ती बाटली बहुधा ग्लुकोजची असते. रोज पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१, संपत आलेलं असतं आणि ग्लुकोज वापरताना उरलंसुरलं तेही खर्च होतं. अशा वेळी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गोंधळलेलं बोलणं, झोकांड्या जाणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं ही तिची लक्षणं, आणि लोक ती ‘अजून उतरली नाही’ म्हणून सोडून देतात. तेव्हा सलाईनच्या आधी थायमिनचं इंजेक्शन दिलंय का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. डॉक्टर चिडले तरी विचारा.

फिट आल्यावर कांदा, चप्पल, चमचा यातलं काहीही नको. चमच्यानं दात तुटतो किंवा श्वासनलिकेत काही अडकतं. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर चालली किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली तर १०८.

आता टेकडीकडे येऊ. तुमच्या पत्रातली आम्हाला सर्वांत काळजीची वाटलेली ओळ दारूची नाही, ती पहाटे साडेचारची आहे. पट्टीचा खेळाडू व्यसनातून बाहेर येताना इथेच अडखळतो. दुखणं दाबून खेळायचं, कोच म्हणेल त्याच्या दुप्पट करायचं, मदत मागणं म्हणजे कमजोरी, या सवयींवर त्यांनी मैदान मारलं. त्याच सवयी घेऊन ते दारूशी लढायला गेले, आणि गणपतीत काय झालं ते तुम्ही पाहिलंत. आता त्याच सवयी घेऊन शरीर ‘परत मिळवायला’ निघालेत.

त्यांना पटेल अशी तुलना त्यांच्या स्वतःच्या गुडघ्याची आहे. लिगामेंटचं ऑपरेशन झाल्यावर खऱ्याखुऱ्या कुबड्या घेतल्या होत्या की नाही? तेव्हा लाज वाटली नव्हती. फिजिओनं आधी नुसता पाय उचलायला लावला असेल, मग सायकल, मग सरळ धावणं, दिशा बदलणं सर्वांत शेवटी. नऊ महिन्यांच्या आत मॅटवर उतरू नका, असंच आज बहुतेक तज्ज्ञ सांगतात, कारण आधी उतरलेला पुन्हा तुटतो. दवाखान्यातले सहा दिवस म्हणजे ऑपरेशन झालं. रिहॅब अजून सुरूच झालेलं नाही. हे असंच, याच शब्दांत सांगा.

व्यायाम बंद करायचा नाही, तो औषधच आहे. फक्त बेत बदलायचा. जोर वाढवण्याआधी ईसीजी, रक्तदाब, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, हिमोग्राम, आणि रक्तातलं पोटॅशियम व मॅग्नेशियम तपासून घ्या. फार वर्षं रोज पिणाऱ्याचं हृदय ताणलं जाऊन ढिलं पडू शकतं, ठोके चुकू शकतात. पोटॅशियम-मॅग्नेशियम कमी असताना टेकडीवर धावणं म्हणजे त्याला आमंत्रण. चढावर दम लागत असेल किंवा पावलांना संध्याकाळी सूज येत असेल तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तीही करायला सांगतील. हे होईपर्यंत सपाट रस्त्यावर चालणं, अर्धा तास, बोलता येईल इतक्या वेगानं. अहवाल ठीक आले तर पुढचे चार-सहा आठवडे सायकल, विहिरीत किंवा तलावात पोहणं (एकट्यानं नाही, फिट येऊन गेलीय), आणि फिजिओनं दाखवलेले मांडीचे व्यायाम. पोहायचं की नाही हे आधी डॉक्टरांना विचारूनच. उड्या, बैठका, उतारावर धावणं गुडघ्याची सूज पूर्ण गेल्याशिवाय नाही. आठवड्यातून दोन दिवस सुट्टी. सकाळी उठल्याउठल्या नाडी मोजायची सवय त्यांना असेलच. ती नेहमीपेक्षा दहा ठोक्यांनी जास्त असली तर त्या दिवशी आराम.

आणि वेळ बदला. साडेचारला उठणारा माणूस रात्री नऊपर्यंत थकून जातो, पण मधले साडेसहा ते साडेआठ हे त्यांचे पिण्याचे तास मोकळेच राहतात. तलफ त्याच तासांत येणार. मुख्य व्यायाम संध्याकाळी सहाला ठेवा. पाच वाजता पोटात काहीतरी जाऊ द्या: शेंगदाण्याची चिक्की, दोन उकडलेली अंडी, दूध-केळं. दारू सुटलेल्या माणसाला गोड खावंसं वाटतं. पहिले काही महिने त्यावर वाद घालू नका, फक्त साखर आधी तपासलेली असू दे. तलफ लाटेसारखी चढते आणि बहुतेकदा वीस-तीस मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ घराबाहेर, माणसांत आणि भरल्या पोटी गेला तरी खूप झालं.

गुडघ्याच्या गोळ्यांचं बघा. आजच त्यांच्या खिशातली पट्टी उलटी करून मागचं नाव वाचा. मेडिकलमध्ये ‘दुखण्याची गोळी’ म्हणून जी मिळते, तिच्यात बहुधा अॅसिक्लोफिनॅक किंवा डायक्लोफिनॅक असतं, जोडीला ३२५ मिलीग्रॅम पॅरासिटामॉल. पहिल्या दोन्हींनी पोटाच्या अस्तराला जखम होते. दारूनं ते आधीच सोललेलं असतं, त्यामुळे रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली तर तसंच रुग्णालय गाठायचं. पॅरासिटामॉल त्या मानानं बरं, पण दारूनं थकलेल्या यकृताला दिवसात दोन ग्रॅमच्या वर नको, म्हणजे ५०० मिलीग्रॅमच्या चार गोळ्या. आणि त्यात सर्दीच्या गोळीतलं व दोन औषधं एकत्र असलेल्या गोळीतलंही धरायचं. लोक चुकतात ते इथेच, एकच औषध तीन नावांनी घेतात.

ट्रॅमाडॉल सापडलं तर मात्र थांबा. ते अफूच्या वर्गातलं आहे, फिटची शक्यता वाढवतं, त्याचीही सवय लागते. शिवाय दारूची ओढ कमी करणारं नाल्ट्रेक्सोन आणि ट्रॅमाडॉल एकत्र चालत नाहीत. नाल्ट्रेक्सोन चालू असताना ट्रॅमाडॉल लागू पडत नाही, आणि ट्रॅमाडॉलची सवय झालेल्या माणसाला नाल्ट्रेक्सोन दिलं तर तो तडफडतो. आधी सात ते दहा दिवस ट्रॅमाडॉल पूर्ण बंद असावं लागतं. दुखापती जुन्या असलेल्या खेळाडूंत हा घोळ नेमका होतो, कारण हाडांचे डॉक्टर एक लिहितात, मानसोपचाराचे दुसरं, आणि दोघांना एकमेकांची चिठ्ठी दिसत नाही. एकाच फाइलमध्ये दोन्ही ठेवा. गुडघ्याला फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीनदा, आणि हाडांच्या डॉक्टरांची नवी भेट. सूज उतरत नसेल तर आत काहीतरी बिघडलंय.

बंद केलेल्या गोळ्यांकडे वळू. डिस्चार्ज कार्ड काढा. त्यावर बहुधा तीन प्रकार दिसतील. थायमिन, हे काही महिने चालतं आणि त्यानं कुणाला व्यसन लागत नाही. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा तसलं काही, हे थोड्याच दिवसांपुरतं असतं. ते संपलं असेल तर पुन्हा आणू नका, आणि झोप येत नाही म्हणून अल्प्राझोलाम वगैरे मेडिकलमधून मुळीच नको, नाहीतर एक सोडून दुसरं सुरू. झोप विस्कटलेली राहणं काही आठवडे, कधी काही महिने चालतं. दुपारचा चहा-कॉफी तोडा, उठायची वेळ एकच ठेवा. तिसरा प्रकार म्हणजे तलफेवरचं औषध. नाल्ट्रेक्सोन असेल तर ५० मिलीग्रॅमची एक गोळी रोज, जेवणानंतर. सुरुवातीचे काही दिवस मळमळ होते आणि नेमके तेव्हाच लोक सोडून देतात. अॅकॅम्प्रोसेट असेल तर ३३३ मिलीग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा, मूत्रपिंड बघून. यकृत बरंच बिघडलेलं असेल तर बॅक्लोफेन देतात. यातलं काहीही नशा देत नाही. किमान सहा महिने, शक्यतो वर्षभर चालू ठेवायचं असतं. डायसल्फिरामही उघडपणे, त्यांच्या राजीखुशीनं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कामी येतं. तेव्हा मात्र खोकल्याचं अल्कोहोलवालं औषध, काही माउथवॉश, होमिओपॅथीचे थेंब आणि दशमूलारिष्ट-अश्वगंधारिष्टासारखी आसवं-अरिष्टं सगळी बंद. अरिष्टात आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतंच. तसंही, गोळी कुठलीही असो, ‘शक्ती येते’ म्हणून कुणी अरिष्टाची बाटली आणली तर परत करा.

‘केंद्र’ म्हटलं की त्यांना कोंडून ठेवतात, मारतात असं वाटत असेल. तशी ठिकाणं आहेत, ती टाळायलाच हवीत. चांगल्या ठिकाणी चार प्रश्नांची सरळ उत्तरं मिळतात. नोंदणी आहे का? पहिल्या आठवड्यात डॉक्टर कोण असतात? घरच्यांना भेटता-बोलता येतं का? आणि सुटी झाल्यावर पाठपुरावा किती महिने? चौथ्या प्रश्नाला अडखळले तर पुढचं ठिकाण बघा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे, तिथला मुक्काम पस्तीस दिवसांचा असतो आणि घरच्यांसाठीही वेगळं काम चालतं. तिकडे इतक्यात जायचं नसेल तर मिरज-सांगलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, शिवाय अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेली संघटना, तिच्या सभा. तिथे पैसे लागत नाहीत, आडनाव विचारत नाहीत. नाव असलेल्या खेळाडूला ही आडनावाची गोष्ट मोठी वाटते. गावात नको असेल तर शेजारच्या शहरातल्या सभेला जाऊ दे. जवळची सभा आणि केंद्र कुठे, हे व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर १४४४६ ला कळेल. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मराठीतही बोलतात.

सगळं एकदम मान्य होणार नाही. म्हणून एक करार करा, ते पूर्ण शुद्धीत आणि शांत असताना, सुट्टीच्या दिवशी जेवणानंतर, सासूबाई आणि पोरं जवळ नसताना: ‘गोळ्या आणि ओपीडी तीन महिने नीट चालल्या तर केंद्राचा विषय मी काढणार नाही. मध्ये एकदाही घेतली किंवा गोळ्या परस्पर बंद केल्या, तर दुसऱ्या दिवशी आपण दोघं जाऊन दाखल व्हायचं.’ कागदावर लिहा, दोघांच्या सह्या. लीगच्या करारावर सह्या केलेला माणूस आहे, त्याला हे बालिश वाटणार नाही. आजच्या आज बोलायला मात्र एकच वाक्य पुरे: ‘गुडघा सुजलाय, गोळ्या बंद केल्यात, मला भीती वाटते. मंगळवारी आपण ओपीडीला जाऊ, मी रजा टाकलीय.’ मागच्या सगळ्या वर्षांचा हिशेब त्याला जोडू नका.

ते म्हणतील, खेळायला लागलो की आपोआप सुटेल. इंग्लंडचा फुटबॉलपटू टोनी अॅडम्स १९९० च्या डिसेंबरात दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल तुरुंगात गेला, बाहेर आला, त्याच हंगामात आर्सेनल क्लबकडून लीग जिंकला, आणि पीतच राहिला. आपण दारुडे आहोत हे त्यानं जाहीरपणे कबूल केलं सप्टेंबर १९९६ मध्ये. त्यानंतर मदत घेऊन सुटला, १९९८ मध्ये कर्णधार म्हणून लीग आणि कप दोन्ही जिंकला, आणि २००० मध्ये खेळाडूंसाठी स्पोर्टिंग चान्स ही उपचारसंस्था काढली. उत्तर आयर्लंडचा फुटबॉलपटू जॉर्ज बेस्ट याचं उलटं झालं. २००२ मध्ये यकृत बदललं, नवं यकृत मिळालं, पिणं परत सुरू झालं आणि नोव्हेंबर २००५ मध्ये ५९ व्या वर्षी गेला. शरीर चालू लागलं म्हणजे व्यसन गेलं असं होत नाही, याला याहून मोठे दाखले कबड्डीत शोधायची गरज नाही.

कोच म्हणून पाठवायचं का? हो, पण दिवाळीनंतर लगेच नाही आणि मंडळ म्हणतंय तसं नाही. मैदान त्यांच्याकडून पूर्ण काढून घेतलंत तर ते घरात बसून काय करणार? चढाईला निघाल्यावर हजार माणसं नाव घेऊन ओरडायची, ते एका ऑपरेशननंतर बंद झालं. ती पोकळी दारूनं भरली होती. ती भरायला पोरांनी ‘दादा’ म्हणून हाक मारणं चांगलंच. धोका कबड्डीत नाही, कबड्डीच्या नंतर आहे. अंतिम सामना रात्री उशिरा संपतो, मग सत्कार, शाल-श्रीफळ, रोख पाकीट, आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘बसायचं ना?’ चकणा आधीच आलेला असतो.

म्हणून पहिले तीन महिने फक्त गावातली लहान पोरं, चौदा वर्षांखालची, संध्याकाळी सहा ते साडेसात. यात व्यायामाची वेळ आणि तलफेची वेळ दोन्ही निघून जातात. स्वतः चढाई करून दाखवायची नाही, शिट्टी आणि तोंड वापरायचं. चौथ्या महिन्यापासून मोठ्या संघाचा सराव. बाहेरगावची स्पर्धा सहा महिन्यांनंतर, तीही न पिणारा एक सोबती बरोबर घेऊन. गाडीची चावी त्या सोबत्याकडे. सामना संपला की बक्षीस समारंभाची वाट न बघता परत. मानधन रोख नको, खात्यावर. मुक्काम असेल तर नाही म्हणायचं. या अटी मंडळाच्या अध्यक्षाला त्यांनी स्वतः सांगाव्यात. तुम्ही सांगितलंत तर पोरं ‘वहिनीनं बांधून ठेवलं’ म्हणतील आणि त्यांना ते सहन होणार नाही.

आग्रहाला उत्तर तयार असावं आणि मोठ्यानं म्हणून घ्यावं. ‘घेत नाही’ म्हटलं की लोक वाद घालतात. ‘औषध चालू आहे, दारूबरोबर चालत नाही’ म्हटलं की बहुतेक गप्प बसतात. दुसऱ्यांदा आग्रह झाला तर उठायचं, तिसऱ्यांदाची वाट बघायची नाही. येत्या काही महिन्यांतल्या ठिणग्या आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा: कोजागिरी, दिवाळीचा बोनस, थर्टी फर्स्ट, प्रो कबड्डीचा हंगाम टीव्हीवर चालू असेल ते दिवस. यातली शेवटची लिहायची सगळ्यात जास्त राहून जाते. जुने साथीदार पडद्यावर खेळताना बघणं त्यांना जड जाईल. एकट्यानं बघू देऊ नका. ‘नॉन-अल्कोहोलिक’ बिअरही नको. चव आणि बाटली जुनीच, मन तिथेच जातं.

घसरण झालीच तर? पहिले तीन महिने फार निसरडे असतात. खेळाडू दिवस मोजतो, आणि एका पेगानं आकडा शून्यावर आला की ‘आता सगळं गेलंच’ म्हणून आठवडाभर पितो. एका रात्रीपेक्षा हा आठवडा जास्त नुकसान करतो. एकदा घेतली तर चोवीस तासांच्या आत डॉक्टरांना किंवा सभेतल्या साथीदाराला फोन, आणि तीन गोष्टी लिहून काढायच्या: कुठे होतो, बरोबर कोण होतं, पोटात काय होतं. भूक, राग, एकटेपणा, थकवा यातलं एखादं बहुतेक सापडतंच. त्या रात्री भांडण करू नका, सकाळी करारावर बोट ठेवा.

तुमचं स्वतःचं. वास घ्यायचं थांबवा. त्यानं दारू थांबत नाही, फक्त तुम्ही दोघं पोलीस आणि चोर होऊन बसता. त्याऐवजी सकाळच्या जेवणानंतर गोळी तुमच्यासमोर घ्यायची, एवढंच ठरवा. घेतली की दिवसभर त्या विषयावर बोलायचं नाही. त्यांच्या कंपनीत ‘ताप आलाय’ म्हणून फोन करणं, वाईन शॉपची किंवा मित्रांची उधारी तुम्ही गुपचूप फेडणं, हे यापुढे नाही. पगाराच्या खात्यातून घरखर्च आणि पोरांची फी पहिल्या तारखेलाच वेगळी निघेल अशी सोय त्यांच्या संमतीनं बँकेत करून घ्या. अल-अॅनॉन ही पिणाऱ्यांच्या घरच्या माणसांची संघटना आहे. त्यांच्या सभेला जा, यजमान कुठेही न गेले तरी जा. आणि कधी हात उचलला, तर तो व्यसनाचा भाग म्हणून सोसायचा नाही. ११२ किंवा महिलांसाठी १८१.

मंगळवारी जाताना डिस्चार्ज कार्ड, गुडघ्याच्या ऑपरेशनचे कागद, आणि मेडिकलमधून आणलेल्या सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यासुद्धा पिशवीत घ्या. डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा: फिट कधी आली, गोळ्या कधी बंद केल्या, दुखण्याच्या किती घेतात. केसपेपरला गर्दी असते, म्हणून नऊच्या आत पोहोचा, आणि रक्त द्यायचं असेल तर उपाशीपोटी लागतं का ते आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या.